घटक ५ : एक घटना, अनेक कथने – वादग्रस्त इतिहासकथनांचे वाचन

५.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला :
• घटना आणि तिचे कथन यांतील फरक सांगता येईल.
• कथन ‘वादग्रस्त’ केव्हा होते, हे स्पष्ट करता येईल.
• एखाद्या कथनातील नाव, आरंभ, संख्या, हेतू आणि मौन या पाच अंगांची चिकित्सा करता येईल.
• कोरेगावची लढाई (१८१८) आणि पॅलेस्टाइनमधील युद्ध (१९४८) या दोन उदाहरणांच्या आधारे ही पद्धत वापरून दाखवता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, बखर वाङ्मयाचा परिचय आपल्याला झालेला आहे. बखर ही बहुधा घटना घडून गेल्यानंतर, पुष्कळदा कोणाच्या तरी आज्ञेवरून लिहिली जाते. तीत प्रत्यक्ष घडलेले आणि घडले असे वाटलेले, अशा दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. वि. का. राजवाडे यांनी बखरींपेक्षा समकालीन अस्सल पत्रांना अधिक प्रमाण मानले, त्याचे कारण हेच होय. या घटकात आपल्याला एक पाऊल पुढे जायचे आहे. एकाच घटनेविषयी दोन समाज दोन वेगळी कथने सांगतात, दोघेही आपापल्या कथनाशी मनाने बांधलेले असतात आणि त्या कथनांवर आजचे मानापमान अवलंबून असतात, तेव्हा अभ्यासकाने काय करावे, हा या घटकाचा प्रश्न आहे.

बारामती आणि इंदापूर परिसरातील विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून येथे प्रथम जवळची उदाहरणे घेतली आहेत. इंदापूर म्हटले की छत्रपती शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांची आठवण निघते. मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले, अशी परंपरा आहे. परंतु ते साल कोणते, याविषयी एकवाक्यता नाही. काही ग्रंथांत ते १६०६ च्या सुमाराचे मानलेले आढळते, तर काहींत १६२० नंतरचे. चौदा-पंधरा वर्षांचे हे अंतर लहान नाही. तरीही या प्रश्नावरून इंदापूरच्या बाजारपेठेत दोन तट पडत नाहीत. उद्या एखादे अस्सल पत्र सापडले आणि त्याने एक साल निश्चित केले, तर ते सर्वजण स्वीकारतील. हा अभ्यासकांमधील ‘मतभेद’ आहे.

‘वादग्रस्त कथन’ ही याहून वेगळी गोष्ट आहे. तेथे नवा कागद सापडला तरी वाद मिटत नाही. कारण वाद केवळ कागदाविषयीचा नसतो. ‘आम्ही कोण’ आणि ‘आमच्यावर कोणी अन्याय केला’ या प्रश्नांची उत्तरे त्या कथनात गुंतलेली असतात. म्हणूनच त्याचे वाचन अधिक शिस्तीने करावे लागते.

५.२ विषय-विवेचन : घटना, कथन आणि कथनाची पाच अंगे

घटना एकदा घडते आणि संपते. कथन मात्र पुनःपुन्हा घडत राहते. कथन करणारा असंख्य तपशिलांतून काही निवडतो, त्यांचा क्रम लावतो, त्यांना एक आरंभ आणि एक शेवट देतो. कादंबरीकार हे जाणीवपूर्वक करतो. समाज पुष्कळदा नकळत करतो. साहित्याचे विद्यार्थी म्हणून आपल्याला कथनाची अंगे परिचित आहेत. तीच दृष्टी इतिहासकथनाकडे वळवली, तर पुढील पाच प्रश्न हाती येतात.

१. नाव : कथन या घटनेला काय म्हणते? बंड, उठाव, स्वातंत्र्ययुद्ध ही नावे एकाच घटनेला मिळू शकतात. १८५७ चे उदाहरण आपल्यासमोर आहेच.
२. आरंभ : कथन कोठून सुरू होते? आरंभ बदलला की आक्रमक आणि बचाव करणारा यांच्या जागा बदलू शकतात.
३. संख्या : किती लढले, किती मेले, किती गेले? ती संख्या कोणी मोजली आणि केव्हा?
४. हेतू : माणसांनी असे का केले, याविषयी कथन काय सांगते? त्याला पुरावा आहे की तो नंतर दिलेला अर्थ आहे?
५. मौन : कथन कशाविषयी बोलत नाही?

आता हे प्रश्न एका प्रत्यक्ष उदाहरणाला लावून पाहू.

५.३ कोरेगावची लढाई : १ जानेवारी १८१८

इंदापूर तालुक्याच्या उत्तरेला उजनीच्या जलाशयात पसरलेली भीमा नदी वरच्या अंगाला पुण्याच्या ईशान्येस कोरेगावजवळून वाहत येते. कोरेगाव भीमा हे गाव आपल्याच जिल्ह्यातील आहे. तेथील दगडी विजयस्तंभ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल.

५.३.१ सर्वमान्य तपशील

वादाकडे जाण्यापूर्वी ज्या गोष्टींविषयी फारसा वाद नाही, त्या प्रथम मांडून घ्याव्यात. ही सवय विद्यार्थ्यांनी लावून घ्यावी.

खडकीच्या लढाईनंतर १७ नोव्हेंबर १८१७ रोजी पुणे ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेले. दुसरे बाजीराव पेशवे सैन्यासह बाहेर पडले आणि डिसेंबरअखेर पुन्हा पुण्याच्या रोखाने येऊ लागले. पुण्यातील कंपनीच्या अधिकाऱ्याने शिरूरहून कुमक मागवली. कॅप्टन स्टॉन्टन याच्या हाताखाली मुंबईच्या देशी पायदळाची एक पलटण, काही घोडदळ आणि दोन तोफा, असे सुमारे ८०० लोक ३१ डिसेंबरच्या रात्री शिरूरहून निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना भीमेपलीकडे पेशव्यांची फौज दिसली. त्यांनी कोरेगाव गावठाणाचा आश्रय घेतला. पेशव्यांच्या बाजूने अरब, गोसावी आणि मराठे यांच्या पायदळाच्या तुकड्या गावावर चालून गेल्या. दिवसभर गल्लीबोळांत लढाई झाली. कंपनीच्या लोकांना पाणीही मिळेना. रात्री पेशव्यांची फौज मागे सरली आणि पुढे निघून गेली. जनरल स्मिथ मोठ्या सैन्यासह मागावर होता. स्टॉन्टनची तुकडीही पुण्याला न जाता २ जानेवारीच्या रात्री शिरूरकडे परतली. कंपनीचे मृत, जखमी व बेपत्ता मिळून २७५ लोक कामी आले. पेशव्यांच्या बाजूचे नुकसान इंग्रजांच्या अंदाजानुसार ५०० ते ६०० होते. पुढे कंपनी सरकारने तेथे स्तंभ उभारला आणि त्यावर मृत सैनिकांची नावे कोरली.

५.३.२ तीन कथने

या तपशिलांवर तीन वेगळी कथने उभी राहिली.

पहिले कथन कंपनीचे. थोड्यांनी पुष्कळांना रोखले, हा ब्रिटिश लष्कराचा पूर्वेकडील अभिमानास्पद विजय आहे, असे ते सांगते. स्तंभ हे या कथनाचे दगडी रूप होय.

दुसरे कथन स्वराज्याच्या अस्ताचे. या कथनात कोरेगाव ही एका मोठ्या शोकांतिकेतील लहानशी, अनिर्णित चकमक आहे. परकी सत्तेच्या बाजूने लढलेल्यांचा गौरव कशासाठी, असा प्रश्न ते विचारते.

तिसरे कथन आंबेडकरी चळवळीचे. ज्यांना माणूस म्हणून जगू दिले जात नव्हते, त्या महार सैनिकांनी अन्यायी राजवटीविरुद्ध गाजवलेला पराक्रम म्हणजे कोरेगाव, असे ते मांडते. ५०० विरुद्ध २८,००० ही संख्या या कथनात वारंवार येते.

५.३.३ चिकित्सा

संख्या : २८,००० हा पेशव्यांच्या सोबत असलेल्या एकूण फौजेचा अंदाज आहे. प्रत्यक्ष गावावर चालून गेलेल्या तुकड्यांतील लोक सुमारे दोन हजार असावेत. ‘पाचशे’ ही संख्या पायदळाच्या पलटणीची आहे. घोडदळ आणि तोफखाना तीत धरलेला नाही. ही पलटण केवळ महारांचीही नव्हती. मग महारांचा वाटा नंतर कोणी रचून सांगितला, असे म्हणता येईल का? तसेही म्हणता येत नाही. स्तंभावर पलटणीच्या ४९ मृतांची नावे आहेत आणि त्यांतील २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ हे महारांच्या नावांत येणारे पद आहे. लढाईनंतर चार-पाच वर्षांत कोरलेला हा पुरावा आहे. याचा अर्थ असा, की एकच पुरावा दोन्ही बाजूंची टोकाची विधाने दुरुस्त करतो.

निकाल : पेशवाई कोरेगावलाच संपली, हे विधान कालक्रमाला धरून नाही. पुणे त्याआधीच गेले होते. सेनापती बापू गोखले फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत पडले आणि बाजीराव जून १८१८ मध्ये शरण गेले. उलटपक्षी, कोरेगावला काहीच घडले नाही, हेही खरे नाही. संख्येने मोठ्या असलेल्या फौजेला एका वेढलेल्या तुकडीचा निकाल लावता आला नाही, ही वस्तुस्थिती उरतेच.

हेतू : येथे सर्वाधिक सावधगिरी हवी. ‘महार सैनिक जातीय अन्यायाविरुद्ध लढले’ आणि ‘ते केवळ पगारासाठी लढले’ ही दोन्ही विधाने मृतांच्या मनात शिरून केलेली आहेत. त्या सैनिकांचे स्वतःचे शब्द आपल्यापर्यंत पोहोचलेले नाहीत. पेशवाईतील अस्पृश्यतेची कठोरता स्वतंत्र पुराव्यांनी सिद्ध होते. ती नाकारता येत नाही. परंतु महार सैनिक त्यापूर्वी मराठ्यांच्या सैन्यातही होते. १७९५ च्या खर्ड्याच्या मोहिमेतील शिदनाक महार यांची आठवण आजही सांगितली जाते. तेव्हा चाकरी, पलटणीविषयीची निष्ठा, स्वाभिमान आणि अन्यायाची चीड यांपैकी कोणत्या गोष्टीचे बळ किती, हे १८१८ च्या कागदांवरून मोजता येत नाही.

५.३.४ स्मृतीचा स्वतंत्र इतिहास

हेतू सिद्ध होत नाही, म्हणून स्मृती खोटी ठरते का? हा प्रश्न विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा. १८९० च्या दशकात ब्रिटिश सरकारने महारांची लष्करभरती थांबवली. ज्या समाजाला सैन्याने प्रतिष्ठेची एक वाट दिली होती, त्याची ती वाट बंद झाली. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने सरकारकडे अर्ज गेला आणि त्यात पूर्वजांच्या लष्करी सेवेचा दाखला देण्यात आला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कोरेगावच्या स्तंभाला भेट दिली. महाडचा सत्याग्रह त्याच वर्षी मार्चमध्ये झाला, हे लक्षात घेतले म्हणजे या भेटीचा संदर्भ कळतो.

कंपनीने आपल्या विजयासाठी उभारलेल्या दगडाला एका समाजाने वेगळा अर्थ दिला. आपले पूर्वज भेकड नव्हते, याचा लेखी पुरावा देणारी जागा त्याला तेथे सापडली. हा अर्थ १८१८ चा नसेल. तो विसाव्या शतकाचा आहे. परंतु तो अर्थ निर्माण होणे हीसुद्धा इतिहासातील एक घटनाच आहे आणि तिलाही साल, स्थळ, कारणे व पुरावे आहेत. घटनेचा इतिहास आणि स्मृतीचा इतिहास असे दोन इतिहास येथे एकमेकांशेजारी उभे आहेत. एकाचा पुरावा दुसऱ्याला लावला की गोंधळ होतो.

हा गोंधळ पुस्तकी नाही. १ जानेवारी २०१८ रोजी, लढाईला दोनशे वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, या परिसरात हिंसाचार झाला आणि एका तरुणाचा जीव गेला. शासनाला चौकशी आयोग नेमावा लागला. इतिहास कसा वाचावा, हा प्रश्न परीक्षेपुरता नाही, तो यामुळे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
अ) ‘मतभेद’ आणि ‘वादग्रस्त कथन’ यांतील फरक एका उदाहरणाने स्पष्ट करा.
आ) स्तंभावरील नावांचा पुरावा कोणती दोन विधाने दुरुस्त करतो?

५.४ कथन ओळखही निवडते

कोरेगावच्या तपशिलांतील एका बाबीकडे आपले लक्ष वेधायचे आहे. पेशव्यांच्या बाजूने चालून गेलेल्यांत अरब शिपाई होते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत अनेक भारतीय सत्तांच्या चाकरीत अरब पायदळ असे. दुसऱ्या बाजूला, कंपनीच्या मुंबईच्या पलटणींत मराठा, राजपूत, मुस्लिम आणि महार यांच्याबरोबर बेने इस्रायल समाजाचे सैनिकही असत. कोकणात ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला जाणारा, घरात मराठी बोलणारा हा ज्यू समाज. स्तंभावरील नावांत एखाद-दुसरे नाव ज्यू सैनिकाचे असल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे.

म्हणजे भीमेच्या काठी १८१८ मध्ये अरब आणि ज्यू समोरासमोर लढले. तरीही या लढाईला ‘ज्यू-अरब संघर्ष’ असे कोणी कधी म्हटले नाही आणि म्हणणे हास्यास्पद ठरेल. ते दोघे आपापल्या धन्याचे चाकर म्हणून तेथे होते. त्यांची ती ओळख त्या दिवशी महत्त्वाची नव्हती आणि नंतरच्या कोणत्याही कथनाने ती निवडली नाही. यावरून एक महत्त्वाचे सूत्र मिळते. दोन समाजांतील वैर हे रक्तात किंवा धर्मात पूर्वापार असते, असे वादग्रस्त कथने आपल्याला सांगतात. प्रत्यक्षात ते विशिष्ट काळात, विशिष्ट भूमीवरून आणि विशिष्ट कारणांनी निर्माण होते. ज्यू आणि अरब यांच्यातील आजचा संघर्षही असाच आहे. त्याची मुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पॅलेस्टाइनच्या भूमीवर घडलेल्या घटनांत आहेत. वादग्रस्त कथनांच्या अभ्यासात जगभर सर्वाधिक चर्चा ज्या उदाहरणांची होते, त्यांत त्याची गणना होते. आपली पाच प्रश्नांची पद्धत दूरच्या उदाहरणालाही लागू पडते का, हे आता पाहू.

५.५ पॅलेस्टाइन, १९४८

५.५.१ सर्वमान्य तपशील

पहिल्या महायुद्धानंतर पॅलेस्टाइन ब्रिटिशांच्या अमलाखाली होता. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्याची ज्यू राज्य आणि अरब राज्य अशी फाळणी करण्याचा ठराव संमत केला. ज्यू नेतृत्वाने तो स्वीकारला. अरब नेतृत्वाने नाकारला. लगेच यादवी सुरू झाली. १४ मे १९४८ रोजी इस्रायलची स्थापना घोषित झाली आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या अरब देशांची सैन्ये युद्धात उतरली. युद्धाच्या अखेरीस इस्रायलकडे फाळणीच्या ठरावापेक्षा अधिक भूमी होती. सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरब आपल्या घरांपासून दूर झाले आणि बहुतेकांना परत येता आले नाही. ज्यूंचे सुमारे सहा हजार लोक मारले गेले. ते त्या वेळच्या तेथील ज्यू लोकसंख्येच्या जवळजवळ एक टक्का होते.

५.५.२ पाच प्रश्न

नाव : इस्रायली कथनात हे ‘स्वातंत्र्ययुद्ध’ आहे. अरब कथनात ती ‘नकबा’, म्हणजे महाआपत्ती आहे. कॉन्स्टन्टिन झुरैक या अरब विचारवंताने १९४८ मध्येच आपल्या पुस्तकात हा शब्द वापरला. नाव घेताच बाजू ठरते.

आरंभ : ज्यू कथन युरोपातील शतकानुशतकांच्या छळापासून आणि नाझींनी केलेल्या साठ लाख ज्यूंच्या संहारापासून सुरू होते, फाळणीचा ठराव अरबांनी नाकारला, हा त्यातील कळीचा प्रसंग. पॅलेस्टिनी कथन १९१७ च्या बाल्फोर घोषणेपासून सुरू होते. बहुसंख्य रहिवाशांना न विचारता त्यांच्या भूमीविषयी परक्यांनी आश्वासन दिले, ही त्यातील कळीची गोष्ट. दोन्ही आरंभ खऱ्या घटनांचे आहेत. एक मान्य केल्याने दुसरा रद्द होत नाही.

संख्या : ‘थोड्यांनी पुष्कळांना रोखले’ हे सूत्र येथेही आढळते. मे १९४८ मध्ये नव्या राज्याची स्थिती बिकट होती. परंतु १९८० च्या दशकात इस्रायलचे सरकारी दप्तर संशोधकांना खुले झाले आणि बेनी मॉरिस, आवी श्लाइम, इलान पापे आदी इस्रायली अभ्यासकांनी जुन्या कथनाची फेरतपासणी केली. युद्धाच्या पुढील टप्प्यांत मैदानावरील इस्रायली सैनिकांची संख्या अरब सैनिकांपेक्षा अधिक होती, हे त्यातून पुढे आले. दुसरे उदाहरण दैर यासीन या गावाचे. ९ एप्रिल १९४८ रोजी ज्यू सशस्त्र गटांनी तेथील अरब ग्रामस्थांची हत्या केली. मृतांची संख्या अनेक वर्षे अडीचशेच्या आसपास सांगितली जात असे. पुढे बीरझैत या पॅलेस्टिनी विद्यापीठाच्या संशोधकांनी गावकऱ्यांच्या साक्षी घेऊन ती सुमारे १०७ अशी निश्चित केली. दोन्ही ठिकाणी आपल्याच समाजाच्या कथनाला आपल्याच अभ्यासकांनी दुरुस्त केले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. संख्या कमी झाल्याने दैर यासीनचे क्रौर्य मात्र कमी होत नाही.

हेतू : सात लाख लोक का गेले? अरब नेत्यांनी निघून जाण्यास सांगितले म्हणून, असे जुने इस्रायली कथन म्हणत असे. अशा सार्वत्रिक आदेशाचा पुरावा संशोधकांना सापडला नाही. काही ठिकाणी स्थानिक अरब नेतृत्वाने स्त्रिया-मुलांना हलवण्यास सांगितले होते, एवढे मात्र दिसते. अनेक गावे थेट हकालपट्टीमुळे, अनेक हल्ल्यामुळे आणि अनेक भीतीमुळे रिकामी झाली, हे आता कागदोपत्री स्पष्ट आहे. वाद उरतो तो यामागे पूर्वनियोजित धोरण होते का, याविषयी. मार्च १९४८ ची ‘दालेत योजना’ ही हकालपट्टीची योजना होती, असे पॅलेस्टिनी इतिहासकार वालिद खालिदी मानतात. ती मूलतः लष्करी योजना होती आणि विस्थापन मुख्यतः युद्धातून घडले, असे बेनी मॉरिस यांचे मत आहे. म्हणजे ‘काय झाले’ याविषयीचा वाद पुष्कळ कमी झाला. ‘का केले’ याविषयीचा उरला. कोरेगावलाही आपल्याला नेमके हेच दिसले होते.

मौन : इस्रायली शालेय कथन दीर्घकाळ उद्ध्वस्त अरब गावांविषयी बोलत नसे. अरब कथन, त्यानंतरच्या काळात अरब देशांतून बाहेर पडावे लागलेल्या लाखो ज्यूंविषयी क्वचितच बोलते. १३ एप्रिल १९४८ रोजी जेरुसलेमजवळ हदासा रुग्णालयाकडे जाणाऱ्या ताफ्यावर हल्ला होऊन सत्तरहून अधिक ज्यू मारले गेले, त्यांत डॉक्टर आणि परिचारिका होत्या. दैर यासीन आठवणारे पुष्कळदा हा ताफा विसरतात आणि ताफा आठवणारे दैर यासीन.

५.५.३ एक सावधगिरी

पाच प्रश्न दोन्ही बाजूंना विचारायचे, याचा अर्थ दोन्ही बाजूंना निम्मे-निम्मे सत्य वाटून द्यायचे असा नाही. पुराव्यापुढे एखादे विधान पूर्णपणे पडते, एखादे टिकते. जे पडले ते पडले, असे स्पष्ट लिहावे. ‘दोन्हीकडे थोडेथोडे खरे’ असे सरसकट म्हणणे हा निःपक्षपातीपणा नसून अभ्यास टाळण्याची सोय आहे. त्याचप्रमाणे एका ठिकाणच्या बाजू दुसऱ्या ठिकाणी नेऊन बसवू नयेत. कोरेगावचे पक्ष पॅलेस्टाइनला किंवा पॅलेस्टाइनचे आपल्याकडे लावता येत नाहीत. दोन उदाहरणांत सारखी आहे ती कथनाची रचना. न्याय-अन्यायाचा हिशेब प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणेच मांडावा लागतो.

५.६ मधला कोरा रकाना

दान बार-ऑन हे इस्रायली आणि सामी अदवान हे पॅलेस्टिनी अभ्यासक. या दोघांनी शिक्षकांच्या मदतीने एक पाठ्यपुस्तक तयार केले. त्यातील पानावर एका बाजूला इस्रायली कथन आणि दुसऱ्या बाजूला पॅलेस्टिनी कथन छापले होते. मधला भाग कोरा होता. तेथे विद्यार्थ्याने स्वतः लिहायचे. दोन कथनांचे मिश्रण करून तिसरे, सर्वांना गोड वाटेल असे कथन तयार करण्याचा मोह त्यांनी टाळला. दुसऱ्याचे कथन त्याच्याच शब्दांत, मध्येच न तोडता, शेवटपर्यंत वाचावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. दोन्ही बाजूंच्या शिक्षण खात्यांनी हे पुस्तक अधिकृत अभ्यासक्रमात घेतले नाही, यावरून ही अपेक्षा किती अवघड आहे ते कळते.

आपण प्रौढ विद्यार्थी आहात. आपल्यापैकी कोणी शेती सांभाळून, कोणी नोकरी किंवा संसार सांभाळून हा अभ्यास करत आहे. शालेय वयात इतिहास हा पाठ करण्याचा विषय होता. आता तो आपल्या घरातील, गावातील, समाजातील बोलण्याचा भाग आहे. चावडीवर किंवा लग्नमंडपात एखादे कथन ऐकू येते, तेव्हा त्याला मान डोलावणे किंवा त्यावर तुटून पडणे, एवढे दोनच मार्ग आपल्यासमोर नसतात. तो कोरा रकाना आपल्या वहीत आखून घेता येतो.

५.७ सारांश

घटना एक असली तरी तिची कथने अनेक असू शकतात. मतभेद पुराव्याने मिटू शकतो. वादग्रस्त कथनात पुराव्याबरोबर ओळख आणि सन्मान गुंतलेले असतात. नाव, आरंभ, संख्या, हेतू आणि मौन या पाच अंगांनी कथन तपासता येते. कोरेगाव आणि पॅलेस्टाइन या दोन्ही उदाहरणांत संख्या व घटनाक्रम यांविषयीचे प्रश्न पुराव्याने बरेचसे सुटतात. हेतूविषयीचे प्रश्न सर्वाधिक काळ उरतात. स्मृतीला स्वतःचा इतिहास असतो आणि तो घटनेच्या इतिहासापासून वेगळा ठेवून अभ्यासावा लागतो.

५.८ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘कथनाचा आरंभ बदलला की भूमिका बदलतात’ हे विधान १९४८ च्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. कोरेगावच्या लढाईसंबंधीची तीन कथने थोडक्यात सांगून त्यांतील एकाची पाच प्रश्नांच्या आधारे चिकित्सा करा.
३. ‘घटनेचा इतिहास’ आणि ‘स्मृतीचा इतिहास’ यांवर टीप लिहा.

५.९ क्षेत्रीय कार्य

उजनी धरणाच्या जलाशयाखाली इंदापूर तालुक्यातील अनेक गावांच्या जमिनी गेल्या. सरकारदरबारी या जलाशयाचे नाव ‘यशवंतसागर’ आहे. ज्यांच्या उसाला पाणी मिळाले त्यांचे कथन आणि ज्यांचे जुने गावठाण बुडाले त्यांचे कथन सारखे नसते. दोन्हींपैकी प्रत्येकी एका वडीलधाऱ्या व्यक्तीशी बोला. त्यांची परवानगी घेऊन त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत उतरवा. मध्ये आपली टिप्पणी घालू नका. वहीच्या पानावर डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरे कथन लिहा. मधला रकाना निदान आठ दिवस कोरा ठेवा आणि मगच त्यात आपले दहा ओळींचे निरीक्षण नोंदवा.